दोन पिपे घाणीचे तेल

अर्जदार : मनोहर देवीदास वैरागडे, वय पन्नाशीच्या पुढे, व्यवसाय अर्ज व प्रतिज्ञालेख लिहिणे, राहणार नंदनवन, नागपूर.

गैरअर्जदार : वरीलप्रमाणेच. माणूस एकच आहे.

ज्याचे नुकसान झाले तो : शालिक पौनीकर, आचारी, आमच्याच वस्तीतला.

घटनेचा दिवस : टाळेबंदी उठल्यानंतर वस्तीत पहिल्यांदा थाटाने झालेली हनुमान जयंती.

ठिकाण : आमच्या ले-आउटमधील मारुती मंदिर, मागच्या बाजूचा स्वयंपाकाचा मांडव.

साक्षीदार : एक, माझा साळा राजू, ज्याला अर्धे माहीत आहे. दोन, माझी पत्नी सुमन, जिला एका पुरीपुरतेच माहीत आहे. तीन, प्रत्यक्ष मारुतिराय, ज्यांच्यावर समन्स बजावता येत नाही.

हे मी आजवर कोणासमोरही बोललेलो नाही. सुमनसमोर नाही, देवासमोर नाही — देवासमोर तर मुळीच नाही, कारण त्या मंदिरात गेल्यावर मी डोळे मिटतो आणि दुसरेच काहीतरी मागतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीच्या माणसाला हे सांगण्याची माझी छाती नाही, एवढे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो.

कचेरीच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली माझे टेबल आहे. मॅट्रिकच्या पुढे मी शिकलो नाही. पण मॅट्रिकच्या पुढे शिकलेली माणसे माझ्यासमोर स्टूल ओढून बसतात, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत आलो आहे. माणूस माझ्याकडे रडत येतो. तो कुठूनही सुरुवात करतो — मधूनच, शेवटापासून, बायकोच्या माहेरापासून. मी त्याला थांबवतो. एकेक प्रश्न विचारतो, आणि घटना क्रमाने लावून घेतो. कोणते वाक्य आधी, कोणते नंतर, कोणते गाळायचे — यावर साहेबाचे मन कुठे झुकेल ते ठरते. हे माझे कसब आहे. कृपया हे लक्षात ठेवा. कारण ज्या गोष्टीची मला आज किळस येते, ती मी चाकूने किंवा काठीने केलेली नाही. ती मी याच कसबाने केली.

आता राजूविषयी. राजू माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ. लकडगंजच्या पलीकडे त्याने पत्र्याची शेड घेतली आणि जळक्या तेलापासून गाडीचे इंधन बनवण्याचा धंदा सुरू केला. आलूबोंडे, समोसे, कचोरी तळून-तळून जे तेल काळे पडते, ते दुकानदाराने पुन्हा वापरू नये असा नियम आहे. राजू ते तेल दुकानांतून गोळा करायचा. गाळायचा, तापवून त्यातले पाणी उडवायचा, मग मिथेनॉलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवून तो त्यात मिसळायचा आणि घुसळायचा. ते निवले की खाली काळे, चिकट ग्लिसरीन बसायचे आणि वर पिवळे इंधन राहायचे. ते वेगळे काढून पाण्याने धुवायचे, वाळवायचे, आणि पिप्यांत भरायचे. पिपे तेच — दुकानदारांकडून तेलाबरोबर आलेले, पंधरा किलोचे, पत्र्याचे.

हे सर्व मी आता नीट सांगू शकतो. तेव्हा सांगू शकत नव्हतो. पण सांगत होतो! राजूचे परवान्यांचे अर्ज मी लिहिले, त्यामुळे मिथेनॉल, ग्लिसरीन, बायोडिझेल हे शब्द माझ्या जिभेवर बसले, आणि वस्तीत मी या विषयाचा जाणकार म्हणून बोलू लागलो. पानठेल्यावर मी लोकांना प्रक्रिया समजावून द्यायचो. प्रत्यक्षात मी शेडच्या आत कधी पूर्ण वेळ थांबलोच नाही. त्या वासाने मला मळमळायचे — शेकडो कढयांचा शिळा वास, त्यात भिजलेल्या मिरचीचा, करपलेल्या बेसनाचा, दुसऱ्यांच्या जेवणाचा वास. मी बाहेर खुर्ची टाकून, नाकाला रुमाल लावून सह्यांचे कागद बघायचो. तयार इंधन कसे दिसते हे मला माहीत नव्हते. डिझेल म्हणजे पंपावरच्या वासाचे, लोखंडी ड्रममधले, हात काळे करणारे — एवढेच माझ्या डोक्यात होते.

हनुमान जयंतीच्या आधी मंदिरात बैठक झाली. कोण काय देणार, याची. कोणी तांदूळ बोलले, कोणी आलू-वांगी, कोणी बुंदी. आमच्याकडे रीत अशी की ज्याने जे दिले त्याचे नाव महाप्रसादाच्या दिवशी भोंग्यावरून घेतात, आणि नैवेद्याचे ताट ज्याच्या हातून जाते तो त्या दिवसाचा मानकरी. तेल कोणी बोलेना. मी उभा राहिलो. म्हणालो, "दोन पिपे तेल माझ्याकडून. घाणीचे फल्लीतेल. बाजारातले नाही." घाणीचे, म्हणजे लाकडी घाण्यावर काढलेले शेंगदाण्याचे, असे का म्हणालो? कोणी विचारले नव्हते. तो शब्द तोंडातून निघाला आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला त्या वळलेल्या माना हव्या होत्या.

माझ्याकडे तेल घेण्याइतके पैसे नव्हते असे नाही. होते. मला खर्च न करता नाव हवे होते.

आणि माझ्या डोळ्यांसमोर राजूची शेड आली. मागच्या भिंतीला लागून पिपे रचलेले असत. त्यांतल्या एकाचे झाकण उघडे होते तेव्हा मी डोकावून पाहिले होते — स्वच्छ, पिवळे, पारदर्शक. वासही जवळजवळ नाही. मी समजलो, हे गाळून, धुऊन साफ केलेले तेल. अजून डिझेल व्हायचे आहे. इतके सुंदर, की घाणीचे म्हणून सहज खपेल.

येथे थांबा. मी काय समजलो ते पुन्हा वाचा. पुढे जे निघाले ते सोडून द्या — मला तेव्हा जे माहीत होते, तेवढ्यावरच माझा न्याय करा. मला वाटत होते की हे लोकांच्या कढईतून उतरलेले तेल आहे. उष्टे तेल. शेकडो दुकानांचे, नियमाने खाण्यास मनाई केलेले. ते मी मारुतीच्या महाप्रसादात घालणार होतो, वस्तीतल्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांना खाऊ घालणार होतो — आणि ते मला चालले. मी रात्रभर तळमळलो वगैरे काही नाही. मला छान झोप लागली.

राजू शेडमध्ये नसताना मी मागच्या रांगेतले दोन पिपे उचलले आणि स्कूटरवर बांधून आणले. त्याला विचारले नाही. कारण विचारले असते तर मी तेल विकत घेतले नाही हे त्याला कळले असते. एक प्रश्न विचारायचा होता, तो मी इज्जतीसाठी विचारला नाही. लोक मला प्रश्न विचारण्याचे पैसे देतात.

आता शालिक. शालिक पौनीकर साधासुधा, गरीब गाय वगैरे नव्हता. बडबड्या, फुशारक्या मारणारा, डोक्याला रंगीत दुपट्टा बांधणारा आचारी. लग्नसराईत त्याला उसंत नसे. "माह्या हातची पुरी फुगली नाही तं नवरीनं लग्न मोडावं," असे तो म्हणायचा आणि स्वतःच मोठ्याने हसायचा. मला तो फारसा आवडत नसे. मंडपात लोक माझ्याऐवजी त्याच्याभोवती जमत, हे एक कारण असावे.

त्या दिवशी सकाळपासून तो मदतनिसांना झोडपत होता. "अबे, आलू सोलून राहिला का खोदून राहिला? अर्धा तं सालीसंगच चालला!" बायका हसत होत्या. मी पांढरा सदरा घालून आत गेलो आणि पिप्यांकडे बोट दाखवले. त्याने झाकण उघडले, वाकून पाहिले, बोट बुडवून दोन बोटांत चोळले.

"साहेब, हे फल्लीतेल हाय?"

"घाणीचे आहे. सुटे. खास आणवले."

"पातळ लागते बा. वासच नाही याले."

"शुद्ध तेलाला वास नसतो," मी म्हणालो. हे खोटे आहे हे वस्तीतल्या कोणत्याही बाईने सांगितले असते. शालिकने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या सदऱ्याकडे पाहिले, आणि अख्खा पिपा कढईत ओतला. मी मोठा माणूस होतो ना? दाता होतो.

भट्टी गॅसची होती. तेल तापू लागले. त्याच वेळी बाहेर भोंग्यावरून नावे सुरू झाली. पुऱ्यांचा पहिला घाणा नैवेद्याचा असतो. शालिकने पुऱ्या सोडल्या. त्या फुगल्या नाहीत. तळाशी जाऊन वर आल्या, आणि चपट्या, गळाठलेल्या, तेल पिऊन बसल्या. त्याने झाऱ्याने दाबल्या, उलटल्या, पुन्हा दाबल्या. त्याचा चेहरा मी प्रथमच गंभीर पाहिला. पंगतीची रांग कनातीच्या अगदी पलीकडे उभी होती. बायका, कडेवर लेकरे.

"साहेब, ह्या तेलात पुरी फुगून नाही राहिली. डोळ्याले झोंबून राहिलं पाहा. थांबतो मी. दुसरं आणा कोणाकडून."

आणि नेमके तेव्हा भोंग्यातून माझे नाव आले. "श्रीमान मनोहरराव वैरागडे, यांच्याकडून दोन पिपे शुद्ध घाणीचे तेल —" माझे नाव हवेत असताना दुसरे तेल? मी त्याच्या मदतनिसांसमोर, त्या बायकांसमोर म्हणालो :

"तेल चांगलेच आहे गा. तुझी आच कमी आहे. आच वाढव."

तो हलला नाही.

"काहून, ऐकू नाही आले? की एवढ्या वर्षांत पुरी तळणे शिकला नाहीस?"

कोणीतरी फिसकन हसले. शालिकची कानशिले लाल झाली. त्याने खाली वाकून चावी पूर्ण फिरवली. मी त्या पहिल्या घाण्यातल्या पुऱ्या नैवेद्याच्या ताटात ठेवल्या, वर आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी, तुळशीचे पान — आणि ताट उचलून मानाने गाभाऱ्याकडे निघालो.

मी मूर्तीसमोर ताट टेकवत होतो तेव्हा मागे आवाज झाला. फार मोठा नाही. चादर झटकल्यासारखा. मग किंकाळ्या.

कढईवर पुरुषभर उंच ज्वाळ उभी होती. आधी पांढरा धूर आला म्हणतात, आणि मग एकदम सगळीकडून पेट. एका पोराने पाण्याची बादली उचलली, शालिक ओरडला, "पाणी नको बे! मरशील!" आणि त्याने कणकेची मोठी परात उचलून कढईवर पालथी घातली. ती सरकली. त्याने ती दोन्ही हातांनी दाबून धरली. कनात त्याच्या पाठीपासून हातभर अंतरावर होती, आणि कनातीपलीकडे ती रांग. तो दाबून उभा राहिला — ज्वाळ कडेने बाहेर येऊन त्याच्या मनगटांवरून, कोपरांवरून जात होती — आणि तो परात सोडत नव्हता. कोणीतरी गॅस बंद केला. मग त्याला ओढून काढावे लागले. परातीला त्याची कातडी चिकटून राहिली होती. ती मी पाहिली आहे.

आणि मी काय केले? लोक त्याला ऑटोत घालत असताना मी दुसरा पिपा उचलला, तोंडाने "हे तेल इथे ठेवू नका, धोका आहे" असे म्हणत बाहेर नेला, आणि स्कूटरवर बांधून घरी आणला. त्या क्षणी मला खरे काय ते माहीत नव्हते. पण काहीतरी लपवायचे आहे, एवढे हातांना आपोआप कळले होते. हात आधी चोर होतात.

महाप्रसाद झाला. किराणा दुकानातून तेल आले, दुसरा आचारी आला, उशिरा पंगती बसल्या. मी पहिल्या पंगतीत बसलो. जेवलो. पुरी मागून घेतली. कोणीतरी म्हणाले, "शालिक लेकाचा दारू लावून आला असंल." मी मान हलवली नाही, पण पुरीही खाली ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजूचा फोन आला. "भाऊजी, मागच्या रांगेतले दोन पिपे तुम्ही नेले का? शेजारच्यानं तुमची स्कूटर पाहिली म्हणे. धुतलेलं, तयार डिझेल होतं ते. गिऱ्हाईक येऊन बसलं इथं."

मी म्हणालो, हो, एका जनरेटरवाल्याला नमुना म्हणून दिले. तो म्हणाला, "सांगून तं न्यायचं ना बाप्पा." एवढेच. त्याला महाप्रसादाला येता आले नव्हते. शालिक भाजल्याचे त्याला पुढे कळले, पण ते तेल कोणते, हे त्याने विचारले नाही. मी सांगितले नाही.

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो. नैवेद्याचे ते ताट रीतीप्रमाणे रात्री मानकऱ्याच्या, म्हणजे आमच्या घरी पोचवले गेले होते. सुमनने त्यातली पुरी चहाबरोबर खायला घेतली होती. तुकडा मोडला होता, तोंडापाशी नेला होता. मी तिच्या हातातून तो हिसकला. "खाऊ नको. खराब आहे. टाकून दे." ती म्हणाली, "अहो, प्रसाद आहे." मी म्हणालो, "टाकून दे म्हटले ना!"

पाहिलेत? माझ्या घरासाठी माझी जीभ एका श्वासात वळली. खरे बोलायला मला वेळ लागत नाही. मंडपात रांगेतल्या लेकरांसाठी ती वळली नाही, आणि पुढे शालिकसाठी तर नाहीच. ती पुरी मी कचऱ्यात टाकली. सकाळपर्यंत ती वाळलीसुद्धा नव्हती. सुमनने ती ज्या कागदावर काढून ठेवली होती, त्यातून इंधन झिरपून ओट्यावर पिवळा डाग पडला होता. सुमनने तो किती घासला. माझ्या नाकातून शेडचा तो वास गेलेला नाही. आजही मी तळलेले काही तोंडात घातले की मला शेड आठवते, परात आठवते, आणि ओकारी येते. याला पश्चात्ताप म्हणू नका. किळस ही पोटाची गोष्ट आहे.

आता मुख्य आरोप. आतापर्यंतचे सर्व तुम्ही मूर्खपणा, बढाई, घाबरटपणा या नावांखाली घालू शकाल. पुढचे घालता येणार नाही.

मंदिराच्या मंडळाचे लोक घाबरले होते. शालिकने दवाखान्यात पोलिसांना काही उलटसुलट सांगितले तर मंडळ अडकेल, म्हणून त्याचा जबाब आधीच नीट तयार करून द्यावा, असे ठरले. नीट कोण तयार करणार? माझ्याशिवाय कोण! मी सरकारी दवाखान्यात गेलो. मोसंबी घेऊन गेलो. त्याचे दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत, छातीवर ठेवलेले. चेहरा सुजलेला. पायथ्याशी त्याची मुलगी वैशाली बसली होती. मला पाहून तो उठायला लागला.

तो म्हणाला, "साहेब, तेलातच काही तरी होतं. इतके वर्स झाले, तेल असं नाही पेटत."

हे वाक्य खरे होते. माझ्यासमोर एक माणूस खरे वाक्य घेऊन बसला होता, जसे रोज बसतात. मी कागद काढला आणि प्रश्न विचारायला लागलो. हळू, प्रेमाने.

"शालिक, कढईवर कोण होते?"

"मी."

"भट्टीची चावी कोणी फिरवली?"

"मीच. पण तुम्ही म्हटलं —"

"मी म्हटले. मी आचारी आहे का गा?"

"नाही."

"मला पुरी तळता येते?"

तो थोडा हसला. "तुम्हाले काय येते, साहेब."

"मग कढईपाशी कोणाचे ऐकायचे असते?"

मी त्याला घाई केली नाही. मला ठाऊक होते की या प्रश्नाचे उत्तर त्याच्या पुराव्यात नाही, त्याच्या अभिमानात आहे. आणि तो अभिमान मी मांडवात चारचौघांत डिवचूनच त्याच्याकडून चावी फिरवून घेतली होती. आता तोच दुसऱ्या बाजूने वापरायचा होता.

शेवटी तो म्हणाला, "बरोबर हाय. कढईपाशी मिनिस्टर आला तरी आचाऱ्यानं आपल्याच डोळ्याचं ऐकावं. मले दिसून राहिलं होतं. मी ऐकलं नाही. चूक माहीच."

मी लिहून घेतले. एकही खोटे वाक्य लिहिले नाही. शब्दाशब्दाला त्याचा होकार आहे. मग रीतीप्रमाणे मी त्याला मजकूर वाचून दाखवला. प्रत्येक अर्जाच्या शेवटी आम्ही लिहितो ना, की वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो बरोबर आहे? अंगठा घ्यायला अंगठा मोकळा नव्हता. पायाचा घेतला. वैशालीने त्याचा पाय धरला आणि मी शाई लावली.

मंडळाच्या अध्यक्षांना त्यात "दारूच्या अमलाखाली" असे घालायचे होते. मी नाही म्हणालो. हा माझा मोठेपणा म्हणून वस्तीत बोलला गेला. शालिकच्या कानावरही गेला. त्याने माझे आभार मानले.

त्याची बोटे पुढे एकमेकांत ओढली गेली. झारा धरता येत नाही. लाटणे धरता येत नाही. दुसऱ्या आचाऱ्यांच्या हाताखाली तो भाज्यांवर देखरेख करतो, तेही कोणी बोलावले तर. आणि तो सगळ्यांना सांगतो — विचारले नाही तरी सांगतो — "माहा घमंड होता. बजरंगबलीनं उतरवला." पोरांना शिकवण म्हणून सांगतो. मी एका दुपारी त्याच्या मनात घातलेले वाक्य त्याने आपल्या आयुष्याचा अर्थ करून टाकले आहे. कधी कधी तो कचेरीवरून जाताना माझ्या टेबलापाशी बसतो. चहाचा पेला दोन्ही तळव्यांमध्ये दाबून उचलतो. माझी गिऱ्हाइके समोर असली तर त्यांना म्हणतो, "हा माणूस खरं लिहिते." मी मान खाली घालून लिहीत राहतो. मला त्याची दया येते असे मी म्हणणार नाही. मला त्याचा राग यायचा. त्याने माझ्या टेबलापाशी यायचे थांबवावे असे वाटायचे.

एकदा मी सांगायला गेलो होतो. त्याच्या दारात उभा राहून म्हणालो, "शालिक, त्या तेलाबद्दल —" तो लगेच म्हणाला, "राहू द्या ना साहेब. तुमचं तेल वाया गेलं, मलेच वाईट वाटते." आणि मी राहू दिले. घरी येताना माझे मन हलके झाले होते. हलके! याहून किळसवाणे मी काही सांगू शकत नाही.

आता हे का लिहितो? कारण मागच्या आठवड्यात वैशाली माझ्या टेबलासमोर येऊन बसली. तिचे लग्न मोडले, ती माहेरी असते; वडिलांसारखीच बडबडी आणि वडिलांहून सुगरण. रामदासपेठेत दवाखान्यांच्या रांगेत पेशंटच्या नातेवाइकांसाठी पुरी-भाजीचा ठेला टाकायचा तिचा विचार आहे. जागा बघितली आहे. अर्ज लिहायचा होता. पण अर्जासाठी ती आली नव्हती.

"काका, बाबा कढईला हात लावू देऊन नाही राहिले," ती म्हणाली. "तेव्हापासून ती छपरावर पालथी पडून आहे. मी सुलटी केली तं ते दोन दिवस जेवले नाही. म्हणतात, आपल्या घराले तेलाचा दोष लागला, माह्या चुकीनं. तुहा हात जळावा का आता? मी सांगून थकली. तुमचं ऐकतात ते. तुम्ही एकडाव सांगा ना त्याहीले."

मी काय सांगितले असेल? मी म्हणालो, "मोठ्या माणसांच्या भावना असतात, बेटा. थोडा धीर धर." तिने मान डोलावली. उठताना माझ्या पाया पडली. ती गेल्यावर मी टेबलाखाली वाकून ओकलो. शेजारच्या टायपिंगवाल्याला सांगितले, पित्त झाले आहे.

एका वाक्याने तिची कढई सुलटी होते. ते वाक्य माझ्याकडे इतकी वर्षे पडून आहे. ते येथे लिहितो, जसे अर्जात लिहितात तसे, गाळल्याशिवाय :

कढईत ओतलेले द्रव्य तेल नव्हते. ते गाडीचे इंधन होते. ते मी, मनोहर देवीदास वैरागडे, न विचारता आणले, खोटे नाव देऊन दिले, आणि शालिक पौनीकर याने नको म्हटले असता त्यास चारचौघांत अपमानित करून आच वाढवावयास लावली. ते द्रव्य काय होते हे दुसऱ्याच दिवशी कळूनही मी त्यास सांगितले नाही, उलट त्याच्याच तोंडून त्याचा दोष वदवून घेतला. त्या दिवशी त्या मांडवात चुकलेला नाही असा एकच माणूस होता, आणि तो भाजला.

अनोळखी माणसासाठी म्हणून लिहायला घेतलेले हे कागद आता मी वैशालीच्या हाती देणार आहे. तिला वाचता येते. शालिकला वाचून दाखवण्याचे काम या वेळी मी करणार नाही. माझ्या तोंडून वाचलेले त्याने पुरेसे ऐकले आहे. "वरील मजकूर वाचून दाखविला, तो बरोबर आहे" ही ओळ मी खाली लिहून, पुढची जागा मोकळी सोडली आहे. त्याला बरोबर वाटले तर त्याने सांगावे. मंडळाला, पोलिसांना, राजूला, सुमनला, भोंग्यावरून — ज्याला सांगावेसे वाटेल त्याला सांगावे. तो जबाब खोटा पाडण्यासाठी जिथे बोलावतील तिथे मी हजर राहीन.

सबब विनंती की, कढई सुलटी करण्यात यावी.

अर्जदाराची स्वतःसाठी काहीही मागणी नाही.